उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ

३ नोव्हेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझं पाकीट पोचलं. तीन पेनड्राइव्ह, तिघांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या! कोपऱ्यावरच्या दुकानदाराने माझ्या कॉम्प्युटरचं आयुष्य सरलं म्हणून सांगितलं, तेव्हा मी मनातून त्याला निरोपच देऊन टाकला होता. पण तू लिहिलंस की लिनक्सच्या जातीच्या, कॉम्प्युटर चालवणाऱ्या कितीतरी सिस्टीम फुकट मिळतात, जुन्या यंत्राला झेपतात, आणि आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतात. आतलं काही पुसलं जात नाही. घर घ्यायच्या आधी चार दिवस राहून बघावं, तसंच की हे.

काल दुपारी पहिली लावली. आधी काळोख. मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर निघून गेल्या, आणि एकदम समोर धुक्यातलं तळं आलं. नकाशा कचेरीत तीस वर्षं मी शाईने नद्या काढल्या, पण असा निळा कुठल्या दौतीत सापडला नाही बघ. नुसती बसून राहिले. चहा निवून गेला.

खोट एकच. यात घड्याळ नाही. बाकी मी ठणठणीत. हल्ली दाराची चौकट तेवढी अंगावर येते. उजवा दंड काळानिळा झालाय.

तुझी,
मावशी

९ नोव्हेंबर

ती. मावशीस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तळ्याकाठी बसून वेळ विसरलीस आणि वर घड्याळ नाही म्हणून तक्रार! अगं, आहे ते. खाली, उजव्या कोपऱ्यात. नसेल दिसत तर दुसरी सिस्टीम लावून बघ. ती जरा बडबडी आहे, आल्याआल्या स्वागत करते, पण गुणी आहे.

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात माझ्या टेबलावर सध्या सहा लॅपटॉप उघडे पडलेत. एकाच्या आत मुंग्यांनी संसार थाटला होता. मालक म्हणाले, त्यांना हळूच हलव, त्यांनी काही बिघडवलेलं नाही.

चौकटीपासून जपून. की चौकटीलाच सांगू तुझ्यापासून जपायला?

तुझी,
खारूताई

१६ नोव्हेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

दुसरीने स्वागत केलं खरं, पण आत येऊ देईना. भाषा निवडा म्हणाली, निवडली. आता 'पुढे' दाबा म्हणाली, आणि 'पुढे' कुठे आहे ते काही सांगेना. तासभर उंबऱ्यात उभी असल्यासारखी बसले. मग तिसरी लावली. पडद्यावर एकच मोठं हिरवं पान, त्यावर दव. ही मला फार आवडली. हिच्यात कचऱ्याची टोपली तेवढी नाही. फुकट वाटणाऱ्यांनी काटकसर केली असेल, असं म्हणून सोडून दिलं.

हल्ली दुपारी डोळा लागला की मी आमच्या जुन्या नकाशांवरून पिसासारखी तरंगत जाते. खाली नद्या, पायवाटा, मग काहीच नाही, कोरा कागद. भीती नाही वाटत. परवा रस्त्यात मात्र वाटली. एक सायकलवाला कुठूनसा उगवला आणि दिसत नाही का म्हणून ओरडून गेला. मी त्याला सांगितलं की तू आलासच नव्हतास.

तुझी,
मावशी

२० नोव्हेंबर

ती. मावशीस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते. तिन्ही सिस्टीम मी इथे लावून बघितल्या. पहिलीचं घड्याळ, दुसरीचं 'पुढे' आणि तिसरीची टोपली, तिन्ही गोष्टी खाली उजवीकडेच आहेत. चौकट उजव्या दंडाला लागली. तो सायकलवालाही उजवीकडूनच आला असणार. आणि तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळी उजवीकडे जाताना एकमेकींवर चढल्यात. मावशी, तू आयुष्यभर सरळ रेघ काढलीस.

खोट सिस्टीममध्ये नाही गं.

शनिवारच्या पहिल्या गाडीने येते. दवाखान्यात वेळ घेऊन ठेवलीय. तोवर एकटीने रस्ता ओलांडू नकोस. रागाव, पण घरात बसून रागाव.

तुझी,
खारूताई

३० नोव्हेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तू गेलीस आणि घर गप्प झालं. गोळ्या वेळेवर घेते आहे.

त्या तपासणीचं तुला नीट सांगितलंच नाही. अंधाऱ्या खोलीत, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मला वाटलं, काय सुरेख! चांदण्यात बसल्यासारखं. मी एकही दिवा सोडला नाही, असं मला अगदी खात्रीने वाटलं होतं. मग डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला, तर खालचा उजवा पाव भाग काळा. डोळे चांगलेच आहेत म्हणाल्या. मेंदूत मागच्या बाजूला रक्ताची गुठळी अडकून गेली, केव्हा ते मला कळलंही नाही. गेलेलं परत येईलच असं नाही. पण वेळेत आलात, पुढची कदाचित मोठी असती, असंही म्हणाल्या. तेव्हा तू माझा हात इतका दाबलास की मला तुझीच काळजी वाटली.

तिथे काळोख नसतो गं. आपल्या पाठीमागे काय दिसतं? काळं नाही दिसत, काहीच दिसत नाही. तसं.

तुझी,
मावशी

५ डिसेंबर

ती. मावशीस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानाच्या मागच्या खोलीत वाचलं. डोळे पुसून बाहेर आले तर मालकांनी न विचारता मला सुट्टी दिली.

पहिल्याच पत्रात दंडाचं वाचून मी थट्टा केली. ते मनातून जात नाही. कॉम्प्युटरचं आता राहू दे. पुढच्या वेळी मीच बसवून देईन. तुझ्या फायलींची नक्कल माझ्यापाशी आहे, घाई कसली?

तुझी,
खारूताई

१४ डिसेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

थट्टा केलीस म्हणून तर मी पुढचं लिहीत गेले. गंभीर झाली असतीस तर सगळं लपवलं असतं मी. तेव्हा ते ओझं उतरव.

आणि राहू कशाला द्यायचं? आज सकाळी ती हिरव्या पानाची कायमची बसवली. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तशी मान उजवीकडे वळवली की एकेक वस्तू झाडामागून यावी तशी येते. तिने विचारलं, जुनं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? हात थांबला क्षणभर. मग मान वळवली, बटण शोधलं आणि दाबलं. पडद्यावरची पट्टी भरत होती तोवर खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली जमिनीवर उतरलं. शेजारीण डोकावली आणि सिनेमा बघताय का म्हणाली. मी हो म्हटलं.

सगळं झाल्यावर सिस्टीमने विचारलं, हे यंत्र कोण वापरणार? मी माझं नाव घातलं. मग वाटलं, एकटीसाठी एवढं मोठं कशाला. दुसरं नाव तुझं घातलं. तुझा निराळा पडदा, निराळी कपाटं, सगळी रिकामी. पासवर्ड मात्र ठेवलेला नाही. तो तुझा तू ठरवायचास, आणि ते इथे येऊन, या खुर्चीत बसूनच करावं लागेल.

माया आहेच, ती घ्यायला येत जा.

तुझी,
मावशी