कानपिळीचा फोटो

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार, अमडापूर

आलो एकदाचा. बुलढाण्याहून चिखली, चिखलीहून अमडापूर. एसटीत पायाजवळ सीपीयू आणि मांडीवर मॉनिटर. कंडक्टरने विचारलं, टीव्हीचं हाफ तिकीट काढू का फुल? सगळी बस हसली, मीही हसलो. असं न ठरवता हसू येऊन वर्ष होत आलं असेल.

स्टुडिओ बाजाराच्या रस्त्यावर आहे. मालक भाऊराव पन्नाशीचे, पोट एवढं की गळ्यातला कॅमेरा त्याच्यावर आडवा टेकलेला असतो. आल्याआल्या चहा पाजला, मग मागची खोली दाखवली. खिडकीतून हरभऱ्याचं वावर दिसतं. काम म्हणजे लग्नाचे फोटो नीट करायचे, अल्बम लावायचे. आणि भाऊराव म्हणाले तसं, गोकुळ, आमची कम्प्युटरं दुखणाईत पडली तर डाक्टरकीही तुलेच करा लागते. नव्याचे नऊ दिवस असतात हे माहीत आहे, तरी बरं वाटलं.

ही वही माझ्या बायकोमुळे, पुष्पांजलीमुळे. ती म्हणायची, तुमच्या डोक्यात काही राहत नाही, लिहून ठेवत जा. ती होती तोवर एक ओळ लिहिली नाही. पुढच्या महिन्यात तिला जाऊन वर्ष होईल. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली. तिचं सगळं माझ्या निळ्या हार्ड डिस्कमध्ये आहे, फोटो आणि चौदा सेकंदांचा एक व्हिडिओ. मेथी निवडत बसली आहे, वर बघते, एक वाक्य बोलते आणि हसते. डाव्या भुवईवर खूण आहे, लहानपणी झोक्यावरून पडली होती त्याची. रोज संध्याकाळी दिवा लावला की तो व्हिडिओ एकदा बघतो. वाक्य काय ते इथं लिहीत नाही. वही काय, कुणाच्याही हाती लागते. तेवढं माझ्यापाशी राहू दे.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी गीताबाई आल्या. जवळच्याच खेड्यातल्या, थोडी शेती आहे, कांदा-लसूण करतात. त्यांना बघून भाऊराव आत निघून गेले, ते मला आवडलं नाही. का गेले ते मग कळलं.

तीन वर्षांमागे त्यांच्या मुलीचं, काजलचं लग्न झालं. तिला दुसरबीडला दिली. शूटिंग भाऊरावांचं होतं. अल्बममध्ये कोणते फोटो घ्यायचे ते निवडायला मुलीचा भाऊ प्रेम येणार होता. तो यायच्या आधीच रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर त्याची गाडी गेली. बावीस वर्षांचं पोर. त्याच्या मोबाइलचाही चुरा झाला. त्यानंतर त्या घरातून फोटो निवडायला कोणी आलं नाही, आणि भाऊरावांना बोलावण्याचा धीर झाला नाही. पुढं दिवाळीच्या रंगकामात त्या लग्नाचे फोटो असलेली डिस्क माळ्यावरून फरशीवर पडली. तेव्हापासून भाऊराव त्यांना आज-उद्या सांगत आले आहेत.

घरच्या भिंतीवर प्रेमचा फोटो आहे तो आधार कार्डावरून मोठा केलेला. गीताबाई म्हणाल्या, तो माहा प्रेम नाही बाबू, तो सरकारचा प्रेम हाय. डोये मिटले तरी आता तोच दिसते. हासतानी कसा दिसे ते मले आठोतच नाही. त्यांना एकच फोटो हवा आहे, कानपिळीचा. प्रेमने नवरदेवाचा कान असा पिळला होता म्हणे की नवरदेव पाटावरून अर्धा उठला, आणि हा पोट धरून हसत होता.

मी डिस्क लावली. टक. टक. टक. आतून कुणी एका बोटाने दार वाजवतंय असा आवाज. डिस्क दुखावली आहे, पण मेलेली नाही. मी हो म्हणालो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अशी डिस्क एकदम राबवायची नसते. दहा मिनिटं वाचायची, अर्धा तास गार होऊ द्यायची. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास, दुपारी लाइट गेली ती चारला आली.

निघालेली फाइल त्याच डिस्कवर ठेवायची नाही हा पहिला नियम. विहिरीतून काढलेला गाळ कुणी परत विहिरीत टाकत नाही. भाऊरावांच्या बाकी डिस्क लग्नसराईने गच्च भरल्या आहेत. ते म्हणाले, रविवारी चिखलीहून नवी आणतो, थांब. पण गीताबाई सकाळीच येऊन बाकावर बसल्या होत्या. मी माझी निळी डिस्क लावली. निम्मी रिकामी आहे. रिकाम्या जागेत दुसऱ्याचं काही ठेवलं तर आपलं काय बिघडतं?

संध्याकाळी फोटो सापडला. वरून खाली भरत येतो. आधी मांडवाची झालर, मग फेट्यांचे तुरे, त्याखाली सगळं करडं. ते करडं बघून गीताबाईंना रडू आलं. त्यांना धीर द्यायला मी पुष्पांजलीचं सांगितलं, व्हिडिओतलं वाक्यही सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हसल्या. म्हणाल्या, ज्याच्यावर जीव असते त्यालेच बाई असं बोलते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फोटो चार बोटं खाली आला. प्रेमचे केस दिसले, कपाळावरच्या गंधाचं टोक दिसलं.

संध्याकाळी दिवा लावून आपला व्हिडिओ लावला. तळाशी करडी पट्टी. मेथी नाही, तिचे हात नाहीत. केबल बदलली, तरी तेच. तिचे बाकीचे फोटो उघडले. सगळ्यांना खालून तेवढीच पट्टी, चार बोटं. व्हिडिओची एक प्रत मोबाइलमध्ये आहे, ती कधीच या डिस्कला लागली नव्हती. तिलाही आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाकिटात एक कागदी फोटो असतो. लग्नानंतर लोणारला गेलो होतो, तिथला. कागदाला केबल नसते. आज सकाळी काढून बघितला तर पुष्पांजली कमरेपासून खाली नाही. तिच्या पायाजवळचे दगड नाहीत. कागद नुसता पांढरा आहे, आणि त्याच फोटोत मी मात्र बुटांसकट उभा आहे.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण गीताबाई डबा घेऊन आल्या, भाकरी आणि ओल्या हरभऱ्याच्या सोल्याची भाजी. म्हणाल्या, आज पहाटे त्यांना प्रेमचा आवाज आठवला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मायवं म्हणून हाक मारे, म्हणाल्या, अन् मीच विसरून गेलती. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला नाही म्हणवेना. दहाच मिनिटं म्हणून लावली. प्रेमच्या भुवया आल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

भाऊरावांनी नवी डिस्क आणली. तिच्यावर ठेवायला गेलो तर फाइल उतरतच नाही. तीनदा केलं. मग खात्री करायला फक्त एकदा निळीवर ठेवलं. लगेच उतरली. प्रेमचे डोळे आले.

म्हणजे त्या फोटोला रिकामी जागा नको आहे, तिची हवी आहे.

भीती वाटली म्हणून पुष्पांजलीच्या आईला मेहकरला फोन केला. हरभऱ्याच्या सोंगणीचं भरभरून बोलल्या. शेवटी मी म्हणालो, पुष्पाच्या वर्षश्राद्धाला मी दोन दिवस आधी येतो. मग त्यांनी विचारलं, कोनाच्या?

सख्खी आई.

१० फेब्रुवारी, सोमवार

खूण डाव्या भुवईवर की उजव्या? वहीत बघितलं. डाव्या. वाचून कळलं, पण आठवलं नाही. व्हिडिओत आता तिचे डोळे आणि कपाळ उरलं आहे. आवाज घरघरतो.

गीताबाईंना नाही म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं. वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला. मग म्हणाल्या, राहू दे बाबू. आपल्या मेलेल्यापायी दुसऱ्याचं मेलेलं काऊन मागू मी? उठून गेल्या. दारातून जाताना एवढीशी दिसली बाई. मला फार वाईट वाटलं.

भाऊरावांनी डिस्क कपाटात घालून कुलूप लावलं. इथं मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो. ती डिस्क लावायची नाही. पुष्पांजलीसाठी लावायची नाही.

वाक्य अजून डोक्यात आहे. लिहून ठेवावं का? पण लिहिलं म्हणजे ते जाणार हे मीच कबूल केलं. नाही लिहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वाक्य गेलं.

डिस्क कपाटातच आहे. तरी उसवल्या शिवणीसारखं आणखी आणखी निघत चाललंय. व्हिडिओला आवाज नाही. सकाळपासून ओठ हलवून बघतोय. मेथी — वर बघते — आणि —

गीताबाईंना सांगितलं होतं मी. त्यांना विचारायला हवं. भाऊरावांनी माणूस धाडला. त्या कालच काजलकडे दुसरबीडला गेल्या. फोन वापरत नाहीत. काजलचा नंबर कुणाकडे नाही. गुरुवारी येतील म्हणे.

काल लिहिलं असतं तर — एक ओळ तर होती —

१२ फेब्रुवारी, बुधवार

वही पहिल्यापासून वाचली. अक्षर माझंच आहे. कुणी पुष्पांजली. वाईट वाटलं, पेपरात कुणाचं वाचून वाटतं तेवढं.

आणि एक जिवंत बाई पोराचं हसू मागत होती, तिला मी या नावापायी रिकाम्या हाताने पाठवलं. हे काही बरं केलं नाही.

भाऊरावांकडे किल्ली मागितली. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मी हो म्हणालो.

टक. टक. टक.

नाक. गाल. दात —

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फोटो पूर्ण झाला. काय हसतोय पोरगा. नवरदेवाचा कान लाल झालाय. प्रिंट काढून ठेवली. निळी डिस्क तपासली, तिच्यात हा एकच फोटो आहे. मग निम्मी भरलेली का दाखवत होती, कोण जाणे.

हलकं वाटतंय.

संध्याकाळी दिवा लावला आणि कम्प्युटरपुढं बसलो. काहीतरी बघायचं असतं ना रोज. काय ते —

पाकिटात लोणारचा फोटो सापडला. मी एकटाच, एका कडेला. एवढा कडेला का उभा राहिलो असेन? एक हात असा उचललेला, हवेत —

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गीताबाई आल्या. फोटो बघून खाली बसल्या, मग छातीशी धरला. हासते माहा प्रेम, हासते. मलाही भरून आलं.

मग विचारलं, अन् तुही पुष्पा?

मी म्हणालो, कोण?

त्यांचं हसू गेलं. फोटो टेबलावर पालथा ठेवला. परत घे म्हणतात. वापस टाक त्याच्यात, मले नाही पायजे असा. मी म्हणालो, असं होत नसतं मावशी. रडतायत. माझ्यासाठी रडतायत, आणि मला कळत नाही कशासाठी — इथं छातीत काहीतरी —

म्हणतात, तिचं बोलणं तू मले सांगतलं होतं बाबू. मले याद हाय. लिहून घे, आत्ताच घे. वही त्यांनीच माझ्यापुढं सरकवली.

लिहितोय. मेथी निवडत बसली होती. तुह्याकडे पाह्यलं. हासली. अन् म्हणे —

थांबल्या. पदर तोंडाशी. आता होतं म्हणतात, आता जिभेवर होतं —

आठवा मावशी.

ती म्हणे —