रिंगेवरचं अक्षर

सोमवार, ४ जून

चि. ठमे,
आईचे अनेक आशीर्वाद आणि तुझ्या चिमणीचा एक चिकट पापा. वि. वि.

पत्र मांडीवर घेऊन लिहिते आहे, कारण जेवणाच्या टेबलावर तुझ्या बाबांनी जुन्या मोटरसायकलचं पोट फाडून ठेवलं आहे. आम्ही ताटं घेऊन पलंगावर बसतो. निवृत्त माणसाला काही छंद हवा, असं मीच म्हणाले होते. भोगते आहे.

काल पिस्टनवर नव्या रिंगा चढवल्या. तीन असतात, बांगड्यांसारख्या, पण एके जागी कापलेल्या. जरा जास्त ताणली की काडकन मोडते. एक मोडलीच, आणि दोष माझ्या शिंकेला! जास्तीची आणून ठेवली होती म्हणून बरं. तिघींची तोंडं एका रांगेत येऊ द्यायची नाहीत, नाहीतर इंजिनाचा दम तिथूनच निघून जातो. मी म्हटलं, या घरात तिघांची तोंडं एका दिशेला कधी झाली आहेत? शिवाय वरच्या दोन रिंगांवर तोंडाजवळ एक बारीक अक्षर कोरलेलं असतं, ते आभाळाकडे ठेवायचं. हे मला दहादा बजावलं, जसं काही मीच बसवत होते. मी नुसती सिलिंडर धरून उभी. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आमची नखं तपासायच्या. कालची माझी पाहिली असती तर बेशुद्धच पडल्या असत्या.

चिमणी मजेत आहे. जावईबापूंचं बोटीवरून पत्र आलं, ते तिने उशीखाली ठेवलं आहे. रोज आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत जाते. चौकात दोघांचा खेळ चालतो. आजोबा विचारतात, कोणता दिवा? ही बेंबीच्या देठापासून ओरडते, लाल! रंग शिकवतो आहे म्हणे. तिला रंग कधीचे येतात, पण आजोबांना कोण सांगणार?

तू सुट्टीवर आलीस की स्टेशनवर तुला घ्यायला हीच मोटरसायकल येणार आहे. तोवर जेवत जा, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई

शनिवार, ९ जून

ती. आई,
दोघांना नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून हसले, तर खोलीतल्या सगळ्या नर्स गोळा झाल्या. टेबलावरचे डाग मी आल्यावर घासून काढीन. या महिन्यात आम्हाला डोळ्यांच्या वॉर्डात टाकलं आहे. सगळे म्हातारे बाबांसारखेच: मला काही झालेलं नाही, म्हणतात आणि भिंतीला नमस्कार करतात. बाबांना सांग, स्टेशनवर धूर काढत आलात तर ओळख दाखवणार नाही.
तुझीच, आणि भांडायला कायम तयार,
ठमी

गुरुवार, १४ जून

चि. ठमे,
आशीर्वाद. वि. वि.

मला धक्काच बसला आहे. तुझ्या तोंडाला काळं औषध लावायला हवं, धूर म्हणालीस आणि तेच झालं. इंजिन सुरू झालं आणि असा निळा धूर निघाला की शेजारचे शिंपी कात्री घेऊन धावत आले. बाबा म्हणाले, नवीन ऑइल जळतंय, थांबेल. थांबेना. पुन्हा सगळं उघडलं. मी चष्मा पुसून सहज वाकले, तर दुसऱ्या रिंगेवर अक्षर कुठेच नाही. उतरवली, तर ते खालच्या बाजूला! उलटी रिंग ऑइल खाली निपटायच्या ऐवजी वर ओढत होती.

अगं, हा माणूस दुसऱ्याच्या शर्टाचं चुकलेलं बटण रस्त्याच्या पलीकडून दाखवायचा. मी अक्षर दाखवलं तर माझ्यावरच ओरडले. इतक्या वर्षांत असे कधी ओरडले नव्हते. मग रिंग उजेडात धरून तिरकं तिरकं पाहत राहिले, लाजरा नवरदेव पाहतो तसे, आणि शेवटी अंगठ्याने चाचपडत बसले. घाईत झालं, म्हणाले. घाई? यांना? जेवलेही नाहीत. वय झालं म्हणायचं, दुसरं काय?
मला धीर दे. नेहमी मीच का द्यायचा?
आई

सोमवार, १८ जून

आई,
मायना राहू दे. तार केली आहे, ती याआधी मिळेलच: स्कूटर बंद. कारण आता लिहिते.

तिरकं पाहणं, अंगठ्याने अक्षर शोधणं. आमच्या वॉर्डात रोज हेच बघते. नजरेचा मधला भाग गेला की माणूस कडेने पाहतो. तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग पहिलं पुन्हा काढलं. आई, चौकातला तो खेळ! ते तिला रंग शिकवत नव्हते. ते विचारत होते. माझी पाच वर्षांची मुलगी त्यांना रस्ता सांगत होती आणि त्याच स्कूटरवर पुढे उभी होती.

किल्ली तुझ्याकडे ठेव. ओरडले तर ओरडू देत.
ठमी

बुधवार, २७ जून

चि. ठमीस,
बाबांचे आशीर्वाद, घेशील तर. वि. वि.

ओळीखाली पट्टी धरून लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या तर सांभाळून घे. तार आली तेव्हा मी किल्ली घेऊन चिमणीच्या बुटांची वाट पाहत होतो. तुझ्या आईने कागद वाचला, माझ्या मुठीतून किल्ली काढली आणि पदराला बांधली. ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. तू म्हणतेस तेच आहे. माणसाकडे पाहिलं की तो नाहीसा होतो, नाही पाहिलं की कडेला उभा असतो. वाटलं होतं, रस्ता ओळखीचा आहे, निभेल. किल्ली गेली की म्हातारा ठरेन, या भीतीपायी तुझी मुलगी पणाला लावली. माफ कर असं म्हणायची माझी हिंमत नाही.

रिंगा तुझ्या आईने बसवल्या. अक्षर तिने पाहिलं, तोंडं मी अंगठ्याने तपासली. धूर नाही, असं ती सांगते. खरंच नसावा. मोटरसायकल शिंपी घेऊन जाणार आहेत.

आता शाळेत मी चिमणीचा हात धरून चालत जातो. काल चौकात तिला खरं सांगून टाकलं, की आजोबांना दिवा दिसत नाही, तो खेळ नव्हता. वाटलं, घाबरेल. ती म्हणाली, मला माहीत होतं आजोबा, म्हणून तर एवढ्या मोठ्याने ओरडायचे.

ठमे, मी तिथेच फुटपाथवर बसलो. दिवा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. तिनेच सांगितलं.

राग निवला की दोन ओळी लिही, मोठ्या अक्षरांत.
तुझे बाबा