खोटी हजेरी

आबा, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली. आज मी तुमच्याशी भांडायला नाही, जुनं भांडण मिटवायला बसले आहे.

गोऱ्या साहेबाच्या कागदावर आपल्या गावाबाहेरच्या वाडीतले कातकरी जन्मतःच चोर होते. त्यानंच रान बंद केलं, रानावर जगणाऱ्यांना उपाशी पाडलं आणि वर चोर म्हणून नाव लावलं. तुम्ही पोलीस पाटील, म्हणून रोज दिवस मावळायच्या आत चावडीवर त्यांच्या बाप्यांची हजेरी घ्यायचात. पण ते मुरबाडच्या डोंगरात कोळसा पाडायला गेले, की तुम्ही खुशाल सगळ्यांना 'हजर' लिहून टाकायचात. "चार कोस चालत हजेरीला आले, तर खातील काय?" म्हणायचात.

आणि नेमक्या त्याच दिवसांत खळ्यावर रचलेल्या भाताच्या उडव्या पेटल्या. भर दुपारी! सगळं गाव काठ्या घेऊन आपल्या अंगणात उभं आहे, मी आईच्या पदराआड. "पाटील, वही काढा! कालच्या हजेरीला कातकरी गावात व्हते का नाय?" वहीत सगळे हजर. झालं! लोक वाडीकडे धावतात, आणि वाडीत तर नुसत्या बाया-पोरं. तुम्ही अनवाणी पळत जाऊन त्यांना आडवे गेलात. "थांबा रे! वही खोटी हाय, मीच लिवली. बाप्ये पाच दिस झालं डोंगरात हायत!"

गाव थांबलं. तुमची पाटीलकी मात्र गेली. "परक्यांपायी घरावर तुळशीपत्र ठेवलंत," आई म्हणाली. मीही वर्षभर तुमच्याशी धड बोलले नाही. पाटलाची पोर म्हणून मिळणारा मान गेला, त्याचाच राग जास्त होता.

आता ठामपणे सांगते, तुमचंच बरोबर होतं. गाव काही वाईट नव्हतं हो. पण रोज एकाच जातीला चावडीवर उभं केलेलं बघून बघून लोकांना तेच खरं वाटायला लागलं. नातवंडांना हे मी ठणकावून सांगते.

काल वाडीतली एक बाई मोळी घेऊन आली. चहा प्याली, आम्ही पोटभर गप्पा मारल्या. ती गेली आणि मी उठून ओटीवरचा तांब्या जागेवर आहे ना, ते बघून आले. होता, आबा. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, तेच बरं.