अर्धा फेरा जास्त

सोम. ६ जाने.
शाळेतून आले तर अंग नुसतं मोडून आलेलं. तरी गप्प बसवत नाही, हा जुना आजार. पाण्याच्या टाकीमागची ह्यांची पिशवी उन्हात टाकायला काढली. आत गळाचं रीळ. त्याच्या बाजूचं झाकण डुगडुगत होतं, एक स्क्रू अर्धा वर आलेला. हे झोपले होते. पेचकस आणला, पिळला. कुकरचा दांडा दर आठवड्याला पिळते ना, हाताला सवयच झालीय: घट्ट झाल्यावर आणखी अर्धा फेरा. तो दिला. आत कट्‌कन वाजलं आणि स्क्रू नुसताच फिरायला लागला. आटे गेले.
बाहेरून सासऱ्यांचा आवाज, "काय करून राह्यलीस गं?"
"कुकर, अण्णा."
माळकरी माणूस. पोराकडे मासे धरायचं रीळ आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण डोळ्यांसमोर नको. म्हणून ते टाकीमागे.

मंगळ. ७
दिवसभर तेच डोक्यात. एवढंसं भोक. पण ह्यांचं असं आहे, वस्तू बिघडली की ते कामच सोडून देतात. स्कूटर बंद पडली, बाजारात जाणं सुटलं. जालन्याची बियाणं गोदामातली नोकरी जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून एकेक सुटतच चाललंय. राहिलाय फक्त रविवारचा तलाव. सकाळी पिशवी घेऊन जायचं, मासा धरायचा, सोडून द्यायचा, दिवेलागणीला परत. आठवड्यात त्या एका दिवशी माणूस नीट जेवतो. तेही मीच बंद पाडलं तर?
दाराची बिजागरी सैल झाली की भोकात आगकाडी घालतो आपण. तेच केलं. गुल काढला, काडी मोडून घातली, स्क्रू पिळला. धरला! स्वतःवरच खूश.

गुरु. ९
खुशी दोन दिवसांची. रिळाची दांडी फिरवून बघितली तर जड, आणि चार फेऱ्यांत काडीचा भुगा. थोडा आत चाकांतही गेला असणार. लाकडाचं औषध धातूला दिलं, दुसरं काय होणार. वर्गात दोनदा एकच गणित घातलं. पोरं हसली.
रविवारचा टॉवेल आज भिजवला. पूर्वी तो वेगळा भिजवावा लागायचा, माशाचा वास यायचा. अण्णांच्या धोतरांबरोबर कसा घालणार? हल्ली वास येत नाही. मासे लागत नसतील.

शनि. ११
सकाळची शाळा उरकून जालना. भोकरदनपासून उभीच. जुन्या जालन्यात रशीदभाई शिलाई मशिनी दुरुस्त करतात, माझीही त्यांच्याच हातची. बारीक स्क्रूंचं काम दुसरं कोण करणार?
रीळ बघून हसले. "ये कौनसी मशीन लाये बाई?"
मग भिंग लावलं आणि हसणं थांबलं. "चुडी तुम नै मारे. पैलेसेच मरेली है. अंदर किसीने लांबी भरेली थी, वो टूट गई." म्हणजे आटे आधीच गेलेले, आणि भोकात कुणीतरी सुकून घट्ट होणारा लगदा भरलेला.
"पण दांडी जड झालीय, माझ्या काडीमुळं..."
"काडी का क्या है. ये ग्रीस देखो, पत्थर हो गया. छे-आठ महीने से चलाच नै ये."
म्हटलं, दर रविवारी जातं तलावावर. ते भोक साफ करायला लागले.
मी स्टुलावर बसून राहिले. त्यांनी भोक जरा मोठं करून नवे आटे पाडले, शिलाई मशीनचा आखूड, जाड स्क्रू बसवला, ग्रीस बदललं. "हात से टाइट करना बस. जोर नक्को."
परतीला जागा मिळाली, पण डोळा लागला नाही. आठ महिने हा माणूस तिथं करतो काय? पाण्याकाठी, एकटा. नको नको ते मनात आलं. लिहीत नाही.

रवि. १२
सकाळीच रीळ ह्यांच्यासमोर ठेवलं. "मी मोडलं होतं. नीट करून आणलं."
फिरवून बघितलं. नव्या स्क्रूवर अंगठा फिरवत म्हणाले, "मोडलं मीच होतं. उन्हाळ्यात."
"मंग सांगायचं न्हाई का?"
"तू लगेच दुरुस्त करत बसली असतीस."
"त्यात वाईट काय?"
रीळ बाजूला ठेवलं. मग, "सगळंच पिळून घट्ट करतीस तू. मला तिथं नुसतं बसायचं असतं. कोणी नीट न करता."
रडू आलं. रागही आला. दीड वर्ष एकटी घर ओढतेय, थकून गेलेय, आणि वर मीच...
शेवटी विचारलंच. "पण परत येताल ना? दर वेळी?"
चमकून बघितलं त्यांनी. "येडी का तू?" म्हणाले. पण लगेच म्हणाले नाहीत, जरा थांबून म्हणाले. ते थांबणं मला ऐकू आलं.
आज गेले नाहीत. दुपारी अण्णा ह्यांना म्हणाले, "तळ्यावर न्हाई गेल्ता का आज? माझ्यामुळं थांबू नको बाबा."

बुध. १५
रीळ आता टाकीमागे नाही, कपाटावर आहे, उघड्यावर. अण्णा बघतात, बोलत नाहीत. स्क्रू किंचित वर आल्यासारखा वाटतो. हात शिवशिवतात. लावला नाही.
कुकरचा दांडा पिळला. अर्धा फेरा कमीच ठेवला. डुगडुगतोय. डुगडुगू दे.

रवि. १९
सकाळी गेले. कपाटावर रीळ नव्हतं. नेलं म्हणजे वापरलं असं नाही, हे आता कळतं मला.
वह्या तपासायला घेतल्या, सात झाल्या. चार वाजल्यापासून कान दाराकडे. दिवेलागणीला पायऱ्यांवर चपला वाजल्या आणि मी हातातली वही मिटली. मोरीत हात धुतले. नेहमीपेक्षा जास्त वेळ, की मलाच तसं वाटलं? टॉवेल दांडीवर टाकला. "भूक लागलीय," म्हणाले.
तीन भाकरी खाल्ल्या. मी काही विचारलं नाही.
टॉवेल तिथंच आहे, चार पावलांवर. वास येतो का बघायचं, वेगळा भिजवायचा की धोतरांबरोबर, ते उद्या. आज मी उठत नाही.