मुकादमाचा पिंजरा आणि लाल टोकाची काडी

मी, बिभीषण मोहन तांदळे, वय चोवीस, शिक्षण सातवी, धंदा विजेच्या टॉवर लाइनवर मजुरी, राहणार नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड, हल्ली मुक्काम अरुणाचलातल्या डोंगरावरचा कॅम्प, हे स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो की माझ्यामागं माझ्या वस्तूंचं काय व्हावं. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी पाजलेलं नाही, अंगात ताप नाही. मरायची घाईही नाही. पण आमचं काम उंचावरचं. सकाळी वर चढलं की ढग पायाखाली येतात आणि कापूस पसरल्यासारखे दिसतात. त्यावर पाय टेकेल असं वाटतं. असं वाटायला लागलं की माणसानं मागचं लिहून टाकावं, असं टोळीतले जुने लोक सांगतात. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. घर. नांदूरघाटचं पत्र्याचं घर अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर आहे. त्यात पुढंमागं माझा जो वाटा निघेल तो आई भिवराबाई हिला द्यावा. दारातलं लिंबाचं झाड मात्र कोणी तोडू नये. पानं पत्र्यावर पडतात म्हणून अण्णा दरसाल कुऱ्हाडीला धार लावतात. झाडानं त्यांचं काय घोडं मारलंय ते मला आजवर कळलेलं नाही.

२. बँकेत जे शिल्लक असेल ते धाकटी बहीण मंगल हिचं. तिनं ते शिकायला लावावं. लग्नाला लावायचं असलं तर मी परवानगी देत नाही.

३. माझा कमरेचा पट्टा आणि नट आवळायचे पाने सोबती सुखराम मुर्मू यास द्यावेत. मोबाइल मंगलला. मोटारसायकल थोरला भाऊ बजरंग दादा यास. तसंही तोच फिरवतो, आणि तेल मात्र मी सुट्टीवर आल्यावर मलाच टाकायला लावतो. कोयता अण्णांना परत. ज्या साली त्यांनी तो माझ्या हातात दिला त्याच साली मी घरातून निघालो. केजच्या स्टँडवर त्यांनी मला कॉलर धरून बसमधून उतरवलं होतं. तीन सीटवरची माणसं उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या बसनं गेलो. गावात म्हणतात, नावच बिभीषण, घर सोडणारच. म्हणू द्या.

४. आता पोपट. हे कलम मोठं आहे, कारण माझा जीव त्यातच अडकलाय.

पोपटाचं नाव मुकादम. कारखान्याच्या उसाच्या फडात बांधावरचं वाळकं झाड पडलं तेव्हा ढोलीतून पिल्लू खाली आलं. आईनं गुळाच्या पाण्यात भाकरी कालवून जगवलं. पहाटे कोप्यांसमोरून, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपड्यांसमोरून, टोळीचा खरा मुकादम ओरडत जायचा, "उठा रे, उठा." पहिलं तेच शिकलं. कारखान्याहून परत येताना पिंजरा बैलगाडीच्या साटीखाली, म्हणजे तळाच्या फळ्यांखाली, टांगलेला असायचा. अशी किती वर्षं त्यानं ऊसतोड केली ते त्यालाच ठाऊक.

देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्यात बसत नाही, हे मला इथं आल्यावर मोबाइलवर कळलं. घरी फोन करून मी पिंजऱ्याचं दार उघडायला लावलं. दार उघडलं. पोपट बाहेर आला नाही. मधल्या दांडीवर बसून दाराकडं पाठ करून राहिला. बजरंग दादा म्हणाला, "हात घाल आन काढ बाहेर. पाखरू हाय बे, कलेक्टर न्हाई." आणि त्यानं हात घातला. दादाच्या अंगठ्याला दोन टाके पडले आणि पोपटाचं शेपटाचं लांब पीस दादाच्या मुठीत राहिलं. तेव्हापासून मुकादम कोणाचाही हात दिसला की अंग फुगवून बसतो. म्हणून पिंजऱ्यातलं काहीही, पाण्याची वाटीसुद्धा, बजरंग दादाच्या वाट्याला येणार नाही. राग नाही. पण येणार नाही.

मोबाइलवरच मी एक रीत पाहिली. एका काडीचं टोक रंगवायचं. पोपटानं त्या टोकाला चोच लावली की लगेच एक ठरलेला आवाज करायचा आणि दाणा द्यायचा. हळूहळू काडी लांब न्यायची. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. नाही आला तर काडी खाली ठेवायची आणि आपल्या कामाला जायचं. दसऱ्याला सुट्टीवर गेलो तेव्हा ज्वारीच्या धाटाची काडी केली, टोकाला मंगलची लाल नेलपॉलिश लावली आणि दाण्याला करडई घेतली, कारण करडईसाठी मुकादम कोणाचंही ऐकतो. आवाज म्हणून मी जिभेनं टाळूला टक् करायचो. सोपा आवाज, तोंडातच असतो.

चोच लावायचा तो. पण मी टक् केलं की दाणा न घेता मागं सरकायचा आणि दोन्ही पायांनी गज घट्ट धरायचा. दाणा चोचीपुढं, आणि हा गज धरून डोळे मोठे करतोय. मी म्हणालो, हट्टी आहे. आई म्हणाली, "तुझ्यावरच गेलंय." माझी सुट्टी संपली तरी तो पिंजऱ्याच्या मध्यावरच.

मी इकडं आल्यावर आईनं काडी हाती घेतली. मंगल फोन हंड्याला टेकवून धरायची आणि मी इथून सांगायचो. मुकादम तसाच. एका दुपारी अण्णा दारातून बैल पाण्याला नेत होते. बैल थांबले म्हणून त्यांनी जिभेनं टक् केलं, आणि फोनमध्ये मी पाहिलं, पोपटानं गज धरला. अण्णा थांबले. परत टक् केलं. परत धरला.

"आरं येड्यांनो," अण्णा म्हणाले, "त्याला वाटतंय गाडी निगाली."

आमच्या घरात टक् म्हणजे बैल हलणार, गाडी हलणार, पिंजरा दगडावर आपटत जाणार. त्याचा सगळा जन्म साटीखाली गेला. आम्ही त्याला शाबास म्हणत होतो आणि त्याला ऐकू येत होतं, धर, आता हिसका बसणार.

त्या दिवसापासून आवाज बदलला. आई करडईच्या डबीच्या झाकणावर नखानं टिक करते. मुकादम दाणा घ्यायला लागला. मधल्या दांडीवरून पुढच्या दांडीवर आला. मी टॉवरवर असतो तेव्हा खाली ढग असतो, आणि मला त्या ढगात एक लाल टोक दिसतं. मग खालून कोणी हाक मारतं आणि मी नट आवळायला लागतो.

तर माझ्यामागं मुकादम, पिंजरा, काडी आणि डबी मंगलला द्यावी. अट एवढीच. त्याला कोणी हातानं बाहेर काढू नये. दार उघडं ठेवावं, फक्त मांजर आलं तर लावावं. तो म्हातारा होईपर्यंत दारापर्यंत आला नाही तरी चालेल. त्याला ओढू नये.

हे गेल्या रविवारी लिहिलं होतं. कागद पेटीत ठेवला होता. आज परत रविवार, पुढचं लिहितो.

५. कलम चार मी रद्द करतो. कारण असं. आज दुपारी मंगलचा फोन आला. यंदा अण्णांच्या कमरेमुळं घरचे तोडीला गेले नाहीत, म्हणून सगळे दारातच होते. आई पिंजऱ्यापासून जरा लांब बसली होती, काडी मांडीवर. मुकादम दाराच्या कडेवर आला. एक पाय बाहेर. मग तो पाय आत. मग परत बाहेर. मी इथं फोन दोन्ही हातांनी धरून बसलो, सुखराम माझ्या खांद्यावरून बघत होता. चोच लाल टोकाला लागली. टिक. दाणा खाल्ला, आणि पंख असे उघडले की मला वाटलं फोनमधून बाहेर येईल. तो लिंबावर जाऊन बसला.

बजरंग दादा टॉवेल घेऊन उठला. "आता गेला तर गावभर हिंडावं लागंल," म्हणाला.

"बस खाली," अण्णा म्हणाले. "हात लावायचा न्हाई त्येला."

अण्णांच्या तोंडी हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

लिंबावरून बऱ्याच वेळानं आवाज आला, "उठा रे, उठा." मंगल हसून हसून खाली बसली. आईनं उठून काडी वर धरली. पोपट खालच्या फांदीवर आला, टोकाला चोच लावली, दाणा घेतला आणि परत वर गेला. संध्याकाळपर्यंत तसाच ये-जा करत होता. पिंजऱ्यात गेला नाही.

म्हणून मुकादम कोणाच्याच नावावर नाही. मृत्युपत्रात तो लिहिता येत नाही. काडी आणि डबी लिंबाच्या खालच्या फांदीला बांधून ठेवावी. पिंजरा अण्णांना द्यावा, त्यांनी त्याचं काय करायचं ते करावं. झाड आता ते तोडणार नाहीत असं वाटतं.

६. माझ्याविषयी. मी कुठं पडलोच, तर मला आणायला घाईनं कोणी येऊ नये, अण्णांनी तर नाहीच. सुखराम पोहोचवील. आईनं मला आजवर कधी 'ये' म्हटलेलं नाही. ती फोनवर एवढंच सांगते, आज जेवायला काय केलं होतं. मी त्यावरच घरी जात आलोय.

आज फोन ठेवताना अण्णांनी मंगलच्या हातून तो घेतला. मग म्हणाले, "करडईची भाजी केलती. कवळी हाय आजून." एवढंच, आणि फोन मंगलला दिला.

उद्या कामावरून उतरलो की घरचं तिकीट काढतो. हे मृत्युपत्र तोवर सुखरामच्या पेटीत राहील.

वरचं सगळं कॅम्पच्या ड्रायव्हरनं, शहादेवनं, वाचून दाखवलं, सुखरामला हिंदीत सांगितलं. त्यानं विचारलं, तोता रात्री कुठं झोपणार. मला माहीत नाही असं मी सांगितलं. दोघांसमोर सही केली, माझ्यासमोर शहादेवनं सही केली आणि सुखरामनं अंगठा दिला. पट्टा आणि पाने सुखरामला मिळणार म्हणून त्याची साक्ष चालत नाही, असं शहादेव म्हणाला. म्हणून कलम तीनमधली ती ओळ खोडली समजावी. पट्टा मी त्याला निघतानाच देतो.

लिहून देणार : बिभीषण मोहन तांदळे

साक्षीदार : शहादेव आश्रुबा चव्हाण, रा. गेवराई, कॅम्पचा ड्रायव्हर

साक्षीदार : सुखराम मुर्मू (अंगठा)

ठिकाण : टॉवर लाइन कॅम्प, अरुणाचल
तारीख : ८ डिसेंबर २०२४