पत्रिका दिली की न्हाय

१२ एप्रिल, शनिवार
आमच्या लेकीच्या, रूपालीच्या पत्रिका छापून आल्या. १८ मेला लग्न. वाटायचं काम माझ्याकडं. आमच्यात दर लग्नाला एक तरी पाव्हणा बोलवायचा राहतो आणि जन्मभर रुसतो. यंदा ते होणे न्हाय. प्रोग्रॅम लिहायला यूट्यूबवर पायथन शिकतोय, चौथा धडा झाला. पत्रिका दिली की नाव फाईलमध्ये लिहायचं. प्रोग्रॅमला नाव विचारलं की तो फाईलमध्ये शोधून सांगणार, ‘दिली’ किंवा ‘दिली न्हाय’. दहा ओळींचं काम. ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय.
ही म्हणते, तुमचा कॉम्प्युटर राहू दे, आधी लोंढ्याला जाऊन ज्योतिबाला पत्रिका द्या. ज्योतिबा हिचा धाकटा भाऊ. आमच्या वास्तुशांतीला मी त्याला व्हॉट्सॲपवर बोलावलं, तेव्हापासून बोलणं बंद. मामा नसला तर पोरीला बोहल्यावर कोण आणणार, म्हणून हिच्या डोळ्यांत पाणी. एवढं काय त्यात! उद्याच जातो.

१३ एप्रिल
ऊन लई. लोंढा पुढच्या आठवड्यात. ही सकाळीच कुठंतरी गेलती, संध्याकाळी आली. चहा माझा मीच केला. साखर जरा जास्त झाली.

२० एप्रिल, रविवार
बेळगुंदी आणि उचगाव एका दिवसात उरकलं. बेळगुंदीत चुलतभाऊ भावकूकडं दोनदा चहा. घरी येऊन सगळी नावं फाईलमध्ये घातली. शेवटी ज्योतिबाचं पण घालून टाकलं. उद्या लोंढ्याला जाणारच आहे, तेवढ्यासाठी परत लॅपटॉप कशाला उघडायचा? ठरलं म्हणजे झालंच.

२२ एप्रिल
प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला. भावकू टाईप केलं. ‘दिली न्हाय’. अरे, त्याच्या घरी चहा पिऊन आलोय की मी! लॅपटॉप जुना, दुसरं काय.

२४ एप्रिल
लॅपटॉप बंद करून चालू केला. भावकू, ‘दिली न्हाय’. उचगावची बाळाबाई आक्का, ‘दिली न्हाय’. सगळेच न्हाय. वैतागून ज्योतिबा टाईप केलं. ‘दिली’!
म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे. माझंच डोकं ठिकाणावर न्हाय. मशीन कशाला खोटं बोलंल? बेळगुंदीत नुसताच चहा पिऊन आलो वाटतं. आणि लोंढ्याला गेलतो म्हणायचं. तिथं स्टेशनवर भजी खाल्लेली पण आठवतेय.
हिला सांगितलं, ज्योतिबाचं काम झालं. हिनं विचारलं, काय म्हणाला. म्हणालो, लई खूश. ही माझ्याकडं बघत राहिली, मग भाजी निवडायला बसली.

२७ एप्रिल, रविवार
बेळगुंदी-उचगाव परत. भावकूनं विचारलं, परशराम अण्णा, धाकटीचं पण ठरलं काय? मला एकच पोरगी, त्याला ठाऊक आहे. बाळाबाई आक्कानं देवापुढची पत्रिका आणून दाखवली. म्हणालो, आक्का, कॉम्प्युटर म्हणतोय दिली न्हाय. बिचारीनं गप दुसरी घेतली.
नावं फाईलमध्ये आधीच होती, म्हणून परत लिहिली न्हाईत. प्रोग्रॅमचं तेच. ‘दिली न्हाय’.

४ मे, रविवार
तिसरी फेरी. भावकूनं दारच उघडलं न्हाय, मीच फटीतून आत सरकवली. पत्रिका संपल्या. ही हल्ली माझ्याशी कमी बोलते. लग्नाचं टेन्शन असणार.

१० मे
रूपाली रजा काढून बेंगळूरहून आली. प्रोग्रॅम बघून पोट धरून हसली. म्हणाली, पप्पा, प्रत्येक नावामागं तुम्ही एंटर दाबलाय, तो एंटर पण नावाला चिकटून येतोय, म्हणून जुळत न्हाय. शेवटच्या नावामागं एंटर न्हाय, तेवढंच जुळलं. तिनं एक शब्द घातला. भावकू, ‘दिली’. बाळाबाई आक्का, ‘दिली’. झाडून सगळे ‘दिली’.
म्हणालो, मामाचं तर पहिल्यापासून बरोबर होतं बघ. तिनं विचारलं, लोंढ्याला कधी गेलता? म्हणालो, फाईलमध्ये आहे की. ती म्हणाली, तुम्ही लिहिलं म्हणून आहे, पप्पा. मग हसायची थांबली. म्हणाली, मला मामाच पाहिजे.
लई वाईट वाटलं. जेवण गेलं न्हाय.

११ मे, रविवार
सकाळच्या गाडीनं लोंढा. ज्योतिबाच्या दारात पोचल्यावर ध्यानात आलं, पत्रिका एक पण शिल्लक न्हाय. सगळ्या बेळगुंदी-उचगावात. काय करणार? मोबाईलमधला पत्रिकेचा फोटो उघडून पुढं धरला. त्यानं मोबाईल बघितला, मला बघितलं. म्हणाला, दाजी, परत व्हॉट्सॲपच व्हय? वाटलं, संपलं. आता पोरीला काय तोंड दाखवू?
तो उठून आत गेला आणि कुंकू लावलेली पत्रिका घेऊन आला. १३ एप्रिललाच हिनं आणून दिलती. वर सांगून गेलती, दाजी बहुतेक यायचे न्हाईत, आले तर चहा दे. ज्योतिबा म्हणाला, रूपालीला मीच आणणार, तुम्ही आला नसता तरी. पण रोज गाडीच्या टायमाला रस्त्याकडं बघत बसायचो. चहा प्यालो.
घरी आलो तर हिनं विचारलं, दिली काय? म्हणालो, न्हाय दिली, पत्रिकाच संपल्या. कितीतरी दिवसांनी ही हसली.
आता पक्कं ठरवलंय. आधी करायचं, मगच लिहायचं. बेळगुंदीला जाऊन भावकूची माफी मागून आलो. म्हणजे उद्या जाणार.