डाव्या कडेची बाई

४ नोव्हेंबर
आले एकदाची. ताई म्हणत होती, पिपरी मेघे म्हणजे कुठलं तरी खेडं असेल. इथे तर दारासमोर दोन ब्युटी पार्लर, एक शिकवणीवर्ग आणि सकाळी सातपासून पोहे. बारा वर्षं पुण्यात दुसऱ्याच्या गॅलरीत चित्रांखाली नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. आता चिठ्ठीवर कुणाचं नाव लागायचं ते मी ठरवणार. बावन्नाव्या वर्षी का होईना!

जागा म्हणजे प्रभाकररावांच्या भावाचं बंद पडलेलं बियाण्यांचं दुकान. प्रभाकरराव इथल्याच शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले. त्यांची एकच अट आहे, भिंतीवर वर्धा जिल्ह्यातली नवी पोरं लागली पाहिजेत. मला मागची खोली राहायला दिली आहे. चुना स्वतः उभं राहून मारून घेतला, तरी कोपऱ्यातून अजून बियाण्याच्या औषधाचा वास येतो. चुना वाळेपर्यंत म्हातारा बाहेर स्टुलावर बसून होता. पोरायच्या चित्रायले घर भेटलं, मॅडम, असं दोनदा म्हणाला. मला एकदम भरून आलं. मी लगेच मजुरांवर ओरडले, म्हणजे ते कुणाला दिसलं नाही.

जागेचं नाव ‘आपली भिंत’.

९ नोव्हेंबर
नऊ जण ठरले. केळझरचा राकेश पेनानं काढतो, गणपतीच्या पायऱ्यांवरचे फुलवाले, नारळवाले. हात चांगला आहे, बडबड फार. बाकीच्यांत दोन बरे, पाच ठीक.

आणि पवनारची वर्षाली. तेवीस वर्षांची पोर. एसटीनं आली, चित्र प्लास्टिकच्या नळीत गुंडाळून पोटाशी धरलेलं. हातकागदावर मातीचे रंग. कापसाच्या वावरात जेवणाच्या सुट्टीत बसलेल्या बायांची ओळ, सगळ्यांनी ओंजळ पुढे केलेली, आणि डाव्या कडेला उभी राहून गडूनं पाणी वाढणारी हिरव्या लुगड्यातली एक बाई. एवढी वर्षं या धंद्यात घालवली, पण असं चित्र पहिल्यांदा माझ्या हातात आलं. तिला मात्र मी नुसतं ‘बरं आहे’ म्हटलं. पोरं डोक्यावर बसतात. जाताना ती दोनदा म्हणाली, नीट ठेवजा मॅडम.

१६ नोव्हेंबर
उद्या उद्‌घाटन. चूक माझी आहे, लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय.

फ्रेमा रूपरावांकडे दिल्या होत्या. साठीपुढचा माणूस, देवांचे, नवरानवरीचे आणि डिग्रीचे फोटो मढवतो, काम चोख. मापं मी लिहून दिली. वर्षालीच्या चित्राची रुंदी छत्तीस इंच, मी घाईत चौतीस लिहिलं. रूपरावांनी फोनही केला, चौतीसच ना मॅडम, मले कमी वाटून राह्यलं. मी तेव्हा दिव्यांच्या वायरवरून इलेक्ट्रिशियनशी भांडत होते. म्हटलं, लिहिलेलं वाचता येतं ना? मग तेच करा.

पाच वाजता फ्रेम आली. दोन इंच कमी.

बिनफ्रेमचं टांगता आलं असतं. वर्षालीला विचारता आलं असतं. पण बिनफ्रेमचं चित्र मी लावणार नाही असं दोन पोरांना आधीच ऐकवलं होतं, आणि आता मी कुठल्या तोंडानं... पोलादी पट्टी ठेवली आणि कटर फिरवला. डावी कडच सोयीची होती, बाकी सगळ्या बाया एकमेकींत गुंतलेल्या. कापताना तिच्याकडे पाहिलं मी. चेहरा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. खाली गेलेले डोळे, हनुवटीवर तीळ, ओठ मिटलेले, पण कुणीतरी आता हसवणार आहे असे.

पट्टी केराच्या डब्यात टाकली. खरं सांगायचं तर चित्र मोकळं झालंय. तिथे जरा गर्दीच होती.

१७ नोव्हेंबर
चाळीसेक माणसं आली. सगळ्यात जास्त वेळ लोक वर्षालीच्याच चित्रापुढे. नागपूरचे एक प्राध्यापक म्हणाले, पुढे केलेल्या रिकाम्या ओंजळी आणि समोर कुणीच नाही, काय तहान दाखवली आहे. मी मान डोलावली. वर म्हटलं, संयम आहे पोरीकडे.

पोर मागेच उभी होती. पुढे झाली, फ्रेमच्या डाव्या बाजूला भिंतीवर हात ठेवला आणि चाचपत राहिली. मग हळूच विचारलं, इथली बाई कुठं गेली, मॅडम?

मी म्हटलं, रूपरावांच्या दुकानात कड भिजली, त्यांनी मला न विचारताच कापून टाकली. इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

१९ नोव्हेंबर
सकाळी वर्षाली आली. ती पट्टी हवी होती, भिजकी असली तरी. ती तिची आई. वर्षाली सात वर्षांची असताना तापानं गेली. घरात एकच फोटो होता, तोही पेटीत वाळवीनं खाल्ला. आठ महिने ही पोर आठवून आठवून तो चेहरा काढत होती. एकदाच जमला. जमला त्या दिवशी चित्र पुरं झालं म्हणून ब्रश खाली ठेवला. आता बसते तर येतच नाही. मले आता तिचं तोंडच आठवून नाई राह्यलं मॅडम, म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

घंटागाडी परवाच येऊन गेली. 

दुपारी रूपराव आले. पोर त्यांच्याकडेही गेली होती. त्यांनी दुकानातली कचऱ्याची पोती उलटी करून पाहिली. हात जोडून म्हणाले, चाळीस वर्षांत कोनाच्या कागदाले ब्लेड नाई लावली मॅडम, पन दुकानात कोनाच्या हातून झालं असन तर माफ करजा. मी त्यांना चहा दिला आणि माफी घेतली.

घेतली! नालायक बाई आहे मी.

२३ नोव्हेंबर
राकेशच्या चित्रात डाव्या कडेला उभ्या रेघांचा एक पट्टा आहे, बोटभर. पदराच्या काठासारखा. आधी होता का? फोन करून विचारलं, तर तो म्हणतो मी तिथं काईच काढलं नाई. यांना स्वतःचंच काम आठवत नाही.

२६ नोव्हेंबर
पट्टा रुंद झाला. त्यात एक हात आहे, हातात गडू. शेजारच्या जलरंगात, धाम नदीच्या घाटावर, तोच हात, पण जलरंगातला. पेनात पेनाचा, रंगात रंगाचा. कुणी खोडसाळपणा करत असेल तर ज्याच्या त्याच्या हातानं काढणारा पाहिजे. कुलपाची किल्ली फक्त माझ्याकडे असते.

दिवसभर स्टुलावर बसून नजर ठेवली. पाहत असताना काही हलत नाही. चहाचा कप ठेवायला आत गेले, परत आले तर खांदा आला होता.

२८ नोव्हेंबर
आठही चित्रांत ती पुरी उभी आहे. हिरवं लुगडं, गडू. फक्त चेहरा नाही, त्या जागी कोरा कागद. नखाएवढा. एकट्या वर्षालीच्या चित्रात ती नाही.

मला एकटीलाच दिसतंय असं समजत होते, तेवढा एक आधार होता. दुपारी प्रभाकरराव आले, चष्मा पुसून सगळीकडे फिरले आणि म्हणाले, सगळ्या पोरायनं एकच बाई काऊन काढली, मॅडम? अन्‌ तोंड काऊन नाई काढलं तिचं? मी म्हटलं, थीम आहे. पुन्हा खोटं. आता तर विचारही करावा लागत नाही.

ती चेहरा शोधतेय. आणि तो आता एकाच ठिकाणी आहे. माझ्या डोक्यात. डोळे मिटले की लख्ख दिसतो, तिळासकट.

३० नोव्हेंबर
एसटीनं पवनारला गेले. वर्षालीच्या अंगणात उभं राहून सांगून टाकलं. चौतीस मी लिहिलं, कटर मी फिरवला, रूपरावांवर मी ढकललं. वाटलं होतं, शिव्या देईल. थोबाडीत मारली असती तरी मी गाल पुढे केला असता.

तिनं एकच विचारलं. कापतानी तुमी पाह्यलं ना तिले?

हो म्हटलं.

मंग तुमच्यापाशी हाये ती, म्हणाली. सोमवारी येतो. बसजा माह्यासमोर.

तिथून तशीच रूपरावांकडे गेले. दुकान बंद. शेजारचा म्हणाला, त्या गोष्टीपासून उघडलंच नाही त्यांनी.

२ डिसेंबर
बसले. फ्रेम काढली. तिनं दोन इंचाची नवी पट्टी शेजारी लावली आहे. मी सांगायला लागले, हनुवटी अशी, ओठ असे. ती म्हणाली, सांगू नका, नुसतं बसा. माझ्याकडे बघत राहिली आणि काढत गेली. हनुवटी झाली, तीळ झाला. अगदी तोच.

संध्याकाळपासून माझी हनुवटी बधिर आहे. थंडी असेल.

३ डिसेंबर
ओठ झाले. वर्षाली हसली, पहिल्यांदाच पाहिलं तिला हसताना. असीच करे ती, म्हणाली.

भाजीत मीठ आहे की नाही कळलं नाही. मिरची चावून पाहिली. काही नाही.

४ डिसेंबर
नाक. औषधाचा वास गेला. कसलाच वास नाही. बेसिनवरच्या आरशात खालचा अर्धा चेहरा... आहे. पण हाताखाली गुळगुळीत लागतो. भिंतीवरच्या पाच चित्रांतून ती निघून गेली. तिथे पुन्हा नुसता घाट, नुसत्या पायऱ्या.

५ डिसेंबर
गाल, कपाळ.

रूपराव आले. मी दारातच म्हटलं, चूक माझी होती. जीभ नीट वळत नव्हती, तरी सगळं सांगितलं. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, तुमची कशी वं बाई, तुमी कोन? मॅडम हायेत का आत? येतीन तं सांगजा, रूपराव येऊन गेलता.

गेले. माफी मागायलाही तोंड पाहिजे.

६ डिसेंबर
आज वर्षाली येणार नाही, पवनारच्या विहारात कार्यक्रम आहे. उद्या डोळे.

सकाळी बॅग भरली. रिक्षाही थांबवली. रिक्षावाला मागे वळून बघेना, कुठे जायचं तेवढंच विचारत होता. मग परत आत आले. भीती वाटते. पण ते ओठ आल्यावर पोर जशी हसली — मी पळाले तर ती पुन्हा आठ महिने — नाही. कापलं मी. भरायचंही मीच.

ताईला फोन केला. माझा आवाज ऐकून तिनं राँग नंबर म्हणून ठेवला.

७ डिसेंबर
वही मांडीवर घेऊन बसले आहे. वर्षाली म्हणाली, चालते, माय पाणी वाढतानी खालीच पाहे.

आठही चित्रं स्वच्छ. ती आता कुठल्याच भिंतीवर नाही.

डावा डोळा झाला — मला वहीची ती बाजू काळी दिसते — 

माझ्या ओळी एकावर एक चढतायत. रूपरावांना कुणीतरी सांगा, चौतीस मीच लिहि —

वर्षालीचा श्वास जवळ आलाय. रडते की हसते कळत ना —

म्हणते, आता एकदा वर. ‘मॅडम’ अशी हाक नाही मारली तिनं. वर पाह्य ना वं माय, म्ह